सड्यावरची दीपकाडी, खानापूरच्या परड्यात

आमच्या खानापूर-बेळगावकडे वळीव एप्रिलातच सुरू होतो. दुपारभर नुसतं तापतं, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि अर्ध्या तासात अंगण न्हाऊन निघतं. सगळा गाव या पावसाची वाट बघत असतो. माझ्या परड्यात मात्र वळवाआधी एक काम उरकावं लागतं. दीपकाडी म्हणजे कोकणातल्या कातळावरचं, कांद्यातून उगवणारं एक रानफूल; तिच्या कुंड्या उचलून पडवीत कोरड्या जागी न्यायच्या आणि मृग लागेपर्यंत तिथंच ठेवायच्या. या दिवसांत तिचा कांदा मातीखाली झोपलेला असतो. वळवाचं पाणी लागलं की तो अवेळी जागा होतो, कोंब काढतो, आणि पुढचे पंधरा दिवस पुन्हा ऊन तापलं की सडतो. ही वनस्पती मूळची समुद्राकाठच्या कातळावरची. पाऊस एकदा आला की चार महिने हटायचा नाही, असल्या हवेत ती घडलेली आहे. आमच्या घाटमाथ्याच्या लहरी पावसाशी तिची ओळख नाही, म्हणून मधे मला उभं राहावं लागतं.

दीपकाडी पाहिलेली माणसं कोकणातही थोडी आहेत, इकडे तर विचारायलाच नको. एरवी तिचा मागमूस नसतो. पहिला पाऊस मुरला की अरुंद, लांबट, चार-पाच हिरवी पाती वर येतात. त्यांच्या मधून सरळ दांडा निघतो आणि दांड्यावर मोजकी पांढरीशुभ्र फुलं लागतात. फूल हातात न घेता, नुसतं गुडघ्यावर बसून बघावं. खाली लांब नळी, तोंडाशी सहा पाकळ्या. त्यातल्या बाहेरच्या तीन मोकळ्या होऊन वळलेल्या आणि आतल्या तीन एकमेकींना धरून राहिलेल्या. एवढी लांब नळी आणि असा पांढरा रंग बहुधा रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो. मुंबई इलाख्यात नोकरीला असलेल्या निकोल डाल्झेल यांनी १८५० मध्ये या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि तिच्या नावातच कोकण घातलं. आज तिला डिपकॅडी कोंकनेन्स म्हणतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि त्यांना लागून असलेले जांभ्या दगडाचे सडे, एवढंच तिचं जग. दुसरीकडे ती आपणहून उगवत नाही.

जांभा आपल्याला काही नवीन नाही. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडे, घरांच्या भिंती त्याच तांबड्या चिऱ्यांच्या. ऊन आणि धो धो पाऊस यांच्या माऱ्यानं मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षं धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, आणि त्याचा हा भोकाभोकांचा दगड बनतो. कोकणात असल्या दगडाची सपाट पठारं थेट समुद्रापर्यंत गेलीत. त्यांना सडा म्हणतात. मे महिन्यात सड्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. जुलैत त्याच कातळावरून पाण्याचा पातळ थर वाहत असतो. माती म्हणाल तर खळग्यांत साठलेली दोन-चार बोटं, आणि तीही निकस. या निकसपणामुळेच तिथं उंच गवत माजत नाही, झाडोरा दाटत नाही, आणि बुटक्या नाजूक वनस्पतींना उघडं आभाळ मिळतं. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडे. सगळ्यांचं याच गरिबीवर चालतं. दवबिंदू आणि सीतेची आसवं तर मातीत नत्र मिळत नाही म्हणून बारीक जीव धरून खातात.

याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, कुडोपी ही गावं आता बऱ्याच जणांना माहीत झालीत, कारण २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. दगडावरच्या चित्रांना असा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच दगडाच्या खळग्यातलं फूल मात्र सातबाऱ्यावर 'पोटखराब' या शेऱ्याखाली जगतं. आमच्याकडच्या उताऱ्यावरही असल्या जमिनीला 'खराब' असंच लिहितात. ज्या जमिनीत भात होत नाही ती वाया गेलेली, हे आपण महसुलाच्या कागदावर एकदा मान्य करून टाकलं आणि मग तिथं काहीही करायला मोकळे झालो.

माझं आजोळ सिंधुदुर्गात. लग्न होऊन आई घाट चढून इकडे आली, आणि लहानपणी मे महिन्यात आंबोलीचा घाट उतरून आम्ही तिकडे जायचो. त्यामुळं मी सडा पाहिला तो नेहमी करपलेला, काळवंडलेला. पावसात तिकडे जाणं फार उशिरा झालं. मामेभावाच्या मागून सड्यावर गेले तेव्हा पायाखाली एवढी फुलं होती की पाऊल कुठं टाकावं कळेना. मी एक रोप मुळासकट घ्यावं म्हणून वाकले, तर मामीनं तिथल्या तिथं थांबवलं, "कांदो खणू नको गो. बियो पिकल्यो की ये." तिनं वनस्पतिशास्त्र शिकलेलं नाही, पण रोप वाढवायचं म्हणणाऱ्या कुणालाही मी आज हीच पहिली गोष्ट सांगते. दुर्मीळ रानफुलाचा कांदा खणणं म्हणजे त्या जागेवरची पुढची सगळी वर्षं उचलून नेणं. रस्त्याकडेला पिशवीत भरून विकायला ठेवलेली कंदांची फुलझाडं, आमरीचे (ऑर्किडचे) झुबके, किंवा मोबाइलवर फोटो टाकून विकली जाणारी 'जंगली' रोपं घेऊ नयेत. विकणाऱ्यानं ती बियांपासून वाढवली असतील तर तो तसं सांगतो, आणि बियाणं कुठल्या गावचं तेही सांगतो.

बिया पिकतात पाऊस ओसरायच्या बेतात असताना. फळ तीन कप्प्यांचं असतं. ते वाळून तडकलं की आत काळ्याभोर, चपट्या बिया नाण्यांची चळत रचावी तशा एकावर एक बसलेल्या दिसतात. फुंकर मारली तरी उडतील इतक्या हलक्या. सगळी फळं घ्यायची नाहीत. पाच फळांतलं एक घ्यावं आणि चार तिथंच राहू द्यावीत, आणि ते एकसुद्धा एकाच ताटव्यातून न घेता सड्यावर लांब-लांबच्या झाडांवरून घ्यावं, म्हणजे वाण एकसुरी होत नाही. प्रत्येक पुडीवर सड्याचं नाव, महिना आणि झाडाची खूण लिहायची. जमिनीचा मालक भाऊच असला तरी त्याला विचारायचं, आणि ग्रामपंचायतीलाही कळवायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं गावच्या वनस्पतींची नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात असते. पण कुणीतरी जाऊन "आमच्या सड्यावरच्या या फुलाची नोंद आहे का" असं विचारलं की ती बाहेर निघते, हे मी पाहिलंय.

आता लावणीबद्दल. कुंड्यांसाठी मला लांब जावं लागत नाही. खानापूरची माती, इथली कौलं आणि कुंभारकाम सगळ्या सीमाभागाला ठाऊक आहे. कुंभाराकडून मुद्दाम पसरट, बसक्या कुंड्या करून घेते, तळाला नेहमीपेक्षा जास्त भोकं पाडायला सांगते. भरायला जांभ्याचा चुरा. जिथं चिरे तासतात तिथं तो फुकट पडलेला असतो. त्यात थोडी जाड रेती आणि मूठ-दोन मूठ साधी माती. शेणखत नाही, गांडूळखत नाही. इथं शेजारपाजारच्या बायकांशी माझा दरवर्षी वाद होतो. "हे काय करालाय, नुसत्या दगडात काय उगवणार?" प्रेमानं वाढवणं म्हणजे खत घालणं हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की निकस मातीतच ज्याचं भलं आहे असं झाड समोर आलं की हात अवघडतात. खत घातलं तर पाती लुसलुशीत होतात आणि लोळतात, कांदा पाणचट होतो, आणि आजूबाजूचं गवत दीपकाडीपेक्षा दुपटीनं वाढतं.

मृगाच्या तोंडावर बिया वरच्यावर पसरून, बारीक खड्यांचा एक थर टाकायचा, म्हणजे पागोळ्यांनी वाहून जात नाहीत. बी उगवतं तेव्हा दिसतं ते एकच पातं. दोऱ्याएवढं जाड, बोटभर लांब, आणि टोकाला बियाण्याची काळी टोपी काही दिवस तशीच अडकलेली. गवत म्हणून कुणीही उपटून टाकेल, म्हणून या कुंड्यांना मी लाल चिंधी बांधते. पहिल्या पावसाळ्यात एवढंच. दिवाळीच्या आसपास ते पातं पिवळं होऊन वाळतं, आणि नवखा माणूस समजतो की रोप मेलं. कुंडी हळूच उकरून बघितली तर वाटाण्याएवढा पांढरा कांदा सापडतो. तो तसाच कोरड्यात ठेवायचा, सात महिने पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पातं जरा रुंद, कांदा जरा मोठा. फुलासाठी आणखी काही पावसाळे थांबावं लागतं. ज्यांना कुंडी विकत आणली की पुढच्या रविवारी फूल हवं असतं त्यांच्यासाठी ही वनस्पती नाही, आणि ते मी आधीच सांगून टाकते.

लोक विचारतात, समुद्राचा खारा वारा नाही, मग इथं कशी जगते? इथं आपण समुद्रापासून लांब आणि सहाशे-सातशे मीटर उंचावर आहोत. पौषातली रात्र आमच्याकडे चांगलीच गारठते. पण त्या थंडीत दीपकाडी जमिनीखाली झोपलेली असते, तिला काही पोचत नाही. खाऱ्या वाऱ्याशिवाय तिचं अडत नाही. निचरा झाला नाही, सावली पडली, उन्हाळ्यात पाणी मिळालं तर मात्र तिचं बिनसतं. किनाऱ्यावरची वनस्पती म्हटलं की आपण मीठ आणि वाळू शोधत बसतो. तिच्या कामाचा आहे तो कातळ.

मग ती इथं इतकी सुखानं वाढते, तर लावूया की भरपूर, असं कुणालाही वाटेल. इथं मी फार सावध आहे, आणि त्याचं कारण कुंडीतच दिसतं. इतकी काळजी घेऊनही काही कांदे वळवाच्या ओलीनं अवेळी जागे होतात. त्यातले बरेच जातात, काही तगतात. तगलेल्यांच्या बिया घेऊन पुन्हा लावल्या, त्यातून तगलेल्यांच्या पुन्हा, असं करत गेलं तर काही पिढ्यांनी माझ्याकडे असेल ती खानापूरच्या वळवाला सरावलेली, कुंडीत रमलेली दीपकाडी. दिसायला तीच, पण सड्यावर नेऊन लावली तर तिथल्या वेळापत्रकाशी तिचं जमेल याची खात्री नाही. भात, आंबा, झेंडू सगळे आपण असेच माणसाळवले आणि त्यात काही वाईट नाही. पण ज्या रोपांना परत रानात पाठवायचंय त्यांना माणसाळवायचं नसतं. म्हणून सड्यासाठी जे बियाणं जातं ते रानातल्या बियांपासून झालेल्या पहिल्याच पिढीचं. पतंगांवर विसंबून न राहता मऊ कुंचल्यानं एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर लावते, तेही एकाच सड्याच्या झाडांमध्ये. पुढच्या पिढ्या बागेसाठी. दोन्हींच्या पुड्या वेगळ्या, कुंड्या वेगळ्या.

आणि आमच्या जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला जे उघडे कातळ आहेत तिथं मी एकही बी टाकलेलं नाही. टाकणारही नाही. तिथं त्यांची स्वतःची फुलं आहेत. याच दीपकाडीच्या गोत्रातली एक वेगळी जात गोव्यातून थेट २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं नोंदवली. म्हणजे आपल्या अंगणाएवढ्या प्रदेशात अजून नवं काही सापडतंय. अशा वेळी उत्साहाच्या भरात इकडचं तिकडं पेरून ठेवलं तर उद्या अभ्यासायला येणाऱ्याला कुठलं मूळचं आणि कुठलं लावलेलं हे कळायची सोय राहणार नाही.

सड्याला परत काय देता येतं, याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. चिरेखाण झालेल्या जागी दीपकाडी परत आणता येत नाही. यंत्रानं वरचा कठीण थर कापून नेला की उरतो तो चौकोनी खड्डा, पावसात पाण्यानं भरणारा. खळगे नाहीत, त्यातली मुठीएवढी माती नाही, काही नाही. तिथं बियांचं पोतं ओतलं तरी उपयोग नाही. सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरची माती ट्रकनं आणून उभ्या केलेल्या कलमबागेतही नाही. जे करता येतं ते कडेकडेनं: ट्रकची वाट गेली होती तिथं, खणायला घेऊन सोडून दिलेल्या तुकड्यावर, गुरं बसून तुडवलेल्या खळग्यांत. मामेभावाच्या सड्यावर अशाच एका सोडून दिलेल्या वाटेच्या कडेनं आम्ही बिया घातल्या, वर खडे पसरले. काही खळग्यांत पाती आली, काहींत पाणी फार साठून गेलं. गुरांना मात्र हाकलायचं नाही. ती चरतात म्हणून गवत आटोक्यात राहतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळतं. कुंपण घातलं की संरक्षण झालं असं समजणाऱ्यांनी एक पावसाळा कुंपणाच्या आत-बाहेर बघावं.

त्याहून जास्त राग येतो तो वृक्षारोपणाचा. जुलै उजाडला की दोन्ही राज्यांत उघड्या माळांवर आणि कातळांवर खड्डे खणले जातात, फोटो निघतात, ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा उभ्या राहतात. आमच्या तालुक्यात या बाभळीचे पट्टेच्या पट्टे आहेत. खाली पाल्याचा जाड थर, गवताचं पातं नाही. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मी नाकारत नाही. पण जिथं निसर्गानंच झाड ठेवलेलं नाही तिथं झाड लावणं म्हणजे जे होतं ते झाकून टाकणं. उघडा कातळ म्हणजे काही उजाडलेलं रान नव्हे. तो त्याच्या परीनं भरलेला आहे, फक्त वर्षातले चारच महिने दिसतो.

बागेत वाढवण्यानं रान वाचतं का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. एकट्या बागेनं नाही वाचत. पण बागेचा हात लागतो. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती वाढवल्या, जपल्या. सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर मोजकीच उरलेली वेल बागेत हाताशी आली की तिचा अभ्यास होतो, विद्यार्थी तिला ओळखायला शिकतात, आणि कड्यावर काही झालं तर सगळंच संपत नाही. मला वाटतं दीपकाडीसाठी याच्या पुढं एक पाऊल टाकता येईल. ती लोकांच्या बागेत जाऊ दे, खुशाल जाऊ दे. पण तिचं बियाणं ज्या सड्यावरचं आहे त्या गावाच्या हातून जाऊ दे. वर सांगितलेल्या कायद्यातच लाभाच्या वाटणीची तरतूद आहे. गावानं रोपं वाढवावी, गावानं विकावी, आणि कुंडीवर सड्याचं नाव असावं.

ही गोष्ट मी मामेभावापुढं मांडली तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ हिशोब घातला. चिऱ्यावाला येतो, रोख देतो. कलमं लावली तर दहा वर्षांनी का होईना पेटी निघते. मुलीचं शिक्षण पुण्यात, मुलगा बारावीला. घाटावर राहून "सडा ठेव" म्हणणं मला सोपं आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि म्हणून त्याच्याशी भांडायचा मला हक्क वाटत नाही. खालच्या उताराला त्यानं कलमं लावली. वरचा सपाट तुकडा, जिथं फुलांचा ताटवा सगळ्यात दाट आहे, तो या खेपेला चिऱ्यावाल्याला दिला नाही. कधीच देणार नाही, असं मात्र तो म्हणत नाही. मीही म्हणवून घेतलं नाही.

सध्या बोलणी चालली आहेत ती मामीच्या बचत गटाशी. बायकांनी पंधरा-वीस कुंड्यांपासून सुरुवात करायची, बियाणं तिथलंच, जांभ्याचा चुरा तिथलाच. कुंड्या मात्र खानापूरच्या, कारण तसल्या बसक्या कुंड्या तिकडे कुणी करून देईना. त्या भाताच्या पिंजरात बांधून बसनं आंबोलीमार्गे उतरवायच्या. मामीचा प्रश्न एकच आहे आणि तो रास्त आहे: फूल यायला एवढे पावसाळे लागणार, तोवर बायकांच्या हाताला काय? त्यावर असं ठरलंय की सोबत तेरडा, रानहळद, कळलावी अशी लवकर विकता येणारी गावचीच रोपं लावायची. कळलावीचा कंद विषारी, म्हणून तिच्यावर तशी चिठ्ठी लावायची. दीपकाडीचे भाव पहिलं फूल आल्यावर ठरवू. चिठ्ठ्यांवरचा मजकूर मी लिहून पाठवलाय. सड्याचं नाव कसं लिहायचं यावर तिकडे दोन वाड्यांचं अजून एकमत व्हायचंय.